लिहून ठेवा, असं मी आता सांगते

मृत्युपत्र या कागदाचा मला पूर्वी राग होता. सटाण्याच्या न्यायालयात वकिली करताना वाटपाचे दावे लढले, बांधाचे आणि वहिवाटीच्या रस्त्याचे वाद मिटवले, पण कोणी मृत्युपत्र करून द्या म्हणत आलं, की मी शक्यतो दुसऱ्या वकिलाचं नाव सांगत असे. "कायद्यानं वारस ठरवून ठेवलेत, त्यात हात कशाला घालता?" हे माझं ठरलेलं उत्तर. आता मी नेमकं उलटं सांगते. ज्यांची मुलं दुबई, अबूधाबी, शारजात नोकरीला आहेत त्यांना तर आपणहून, कोणी विचारलं नसतानाही सांगते. माझं जुनं मत मानणारी माणसं बागलाण तालुक्यात अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे खरी कारणं आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझ्या रागाचं मूळ घरात होतं. माझ्या आजोबांनी स्वतःच्या कमाईनं विहिरीची जमीन घेतली होती. आजी आधीच गेलेली, मागे दोन मामा आणि माझी आई. आजोबा काही न लिहिता गेले असते, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आईला त्या जमिनीत तिसरा हिस्सा मिळाला असता. पण तेराव्यानंतर मृत्युपत्र निघालं. "मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता" अशी सुरुवात, आणि पुढे सगळी जमीन दोघा मुलांना. मुलीचा उल्लेख एका ओळीत होता: तिचं लग्न थाटात करून दिलं आहे, तिला आणखी काही देणं उरलेलं नाही. आई त्यावर कधी बोलली नाही. भाऊबीजेला माहेरी जात राहिली. मी मात्र कायदा शिकायला गेले ती बहुधा त्या एका ओळीमुळेच.

पुढे वकिलीत जी मृत्युपत्रं पाहिली, त्यातल्या बहुतेकांनी हाच राग पक्का केला. आपल्याकडे मुलींना बाजूला काढायचे दोन रस्ते. एक हक्कसोड: वडील गेले की बहिणींना दुय्यम निबंधकाकडे न्यायचं, सही-अंगठा घ्यायचा, साडी नेसवायची. दुसरा मृत्युपत्र. कायदा मुलींच्या बाजूनं एकेक पाऊल टाकत होता. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुलींना तो मिळाला, ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या दिवशी वडील हयात असण्याची अटही काढून टाकली. आणि इकडे गावोगाव मृत्युपत्रं वाढत होती, कारण मुलींना न विचारता त्यांना मिळायचं ते कमी करायला तोच कागद उरला होता. हिंदू माणसाला आपली सगळी मिळकत हवी त्याच्या नावे लिहून ठेवायची मुभा आहे. मुलांसाठी म्हणून काही राखून ठेवायचं बंधन नाही. गोव्यात तसं बंधन आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या कायद्यात, मुलंबाळं असतील तर अर्ध्याच मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं, उरलेला अर्धा भाग मुलामुलींचाच. मला तो नियम फार न्यायाचा वाटत आला आहे, आजही वाटतो. आपल्याकडे तो नाही. म्हणून मी धरून बसले होते, की काही लिहू नका, कायद्याला समान वाटप करू द्या.

या मतात एक गोष्ट गृहीत होती, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. माणूस इथला, मिळकत इथली, वारस इथले, आणि म्हणून कायदाही एकच, असं मी धरून चालले होते.

बागलाण तसा राहिला नाही. डाळिंबावर तेल्या रोग आला आणि बागा उपटाव्या लागल्या, त्या वर्षांत काही घरांनी ठरवलं की पुढची पिढी शेतीच्या भरवशावर ठेवायची नाही. मुलं नाशिक-पुण्याला शिकली, तिथून आखातात गेली. कोणी अभियंता, कोणी आयटीआय करून फिटर, कोणी नर्स, कोणी हिशेबनीस. त्यांच्या पैशानं इथे विहिरींवर मोटारी बसल्या, कांदाचाळी उभ्या राहिल्या, नाशिकला फ्लॅट झाले. नवराबायको तिकडे, नातवंडं तिकडे, आईवडील मळ्यात. एका घराचे दोन देश झाले, आणि मी त्यांना जुनंच उत्तर देत राहिले.

मग तालुक्यातल्या एका गावचा मुलगा दुबईत झोपेतच गेला. चाळिशीही गाठली नव्हती. मागे बायको, प्राथमिक शाळेतली एक मुलगी, गावाकडे आई आणि वडील. दुबईतल्या बँकेत शिल्लक, कंपनीकडून येणं, आणि नाशिकला त्याच्या एकट्याच्या नावावर कर्ज काढून घेतलेला फ्लॅट. वडिलांची जमीन वडिलांच्याच नावे, तिचा प्रश्न नव्हता. दिवस झाल्यावर त्याची आई माझ्याकडे आली. वडील बाहेर ओट्यावर बसून राहिले, आत आलेच नाहीत. आईनं विचारलं, "वकीलताई, मन्हा आंडोरनी काही लिखी ठेयेल से का?"

त्यानं काही लिहून ठेवलं नव्हतं. मी तिला सांगितलं, काळजी करू नका, लिहिलं नसलं तरी कायदा आहे. तिचा हिस्सा मी बोटांवर मोजून दाखवला. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलं आणि आई. तिघी आहेत, तिघींना सारखं. फ्लॅटचा तिसरा हिस्सा तुमचा, बँकेतल्या पैशाचाही तिसरा हिस्सा तुमचा. तिनं विचारलं, "आणि यांचा?" ओट्यावर बसलेल्या माणसाकडे तिनं हात केला. यांचा काही नाही, असं मला सांगावं लागलं. आपल्या कायद्यात आई पहिल्या वर्गात आहे, बाप दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गात एकही माणूस हयात असेल तर बापाला काही मिळत नाही. हे कलम मी कॉलेजात पाठ केलं होतं. ज्याच्या बाबतीत ते लागू होतं त्या माणसासमोर ते बोलायची वेळ पहिल्यांदाच आली.

पण बँकेतल्या पैशाबद्दल मी जे सांगितलं, तेही तिकडे तसंच्या तसं लागू होईल अशी खात्री नव्हती. सुनेनं तिकडून कळवलं, की बँकेनं खातं गोठवलं आहे, संयुक्त खातंसुद्धा, आणि न्यायालयाचा वारसांचा आदेश आल्याशिवाय एक दिरहम निघणार नाही. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिशावर अवलंबून. मुलीची शाळेची फी भरायची राहिलेली. नाशिकच्या फ्लॅटचे हप्ते दुबईच्या पगारातून जात होते, तेही थांबले. मग मी तिकडचा कायदा वाचायला बसले. त्या वाचनानं माझ्या जुन्या मताचा पाया हलला.

आखातात गेलेल्यांमध्ये एक समज पक्का असतो, की तिथे माणूस गेला की सगळं शरियतनं जातं. तो समज हवेतला नव्हता. २००५ च्या तिथल्या कौटुंबिक कायद्यानं मुस्लिमेतर परदेशी माणसाला स्वतःच्या देशाचा कायदा लावून घ्यायची मुभा दिली होती, पण तो मागावा लागे, साक्षांकित अरबी भाषांतर करून न्यायालयाला दाखवावा लागे. नाही मागितला तर तिथला नियम. म्हणून २०१५ मध्ये दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रानं, ज्याला सगळे डीआयएफसी म्हणतात, मुस्लिमेतरांच्या मृत्युपत्रांसाठी स्वतंत्र नोंदवही सुरू केली. मृत्युपत्र इंग्रजीत, पद्धतही इंग्रजी कायद्याची. २०१७ मध्ये दुबईनं मुस्लिमेतरांच्या मृत्युपत्रांचा वेगळा कायदा केला, २०२१ मध्ये अबूधाबीनं आपला नागरी कौटुंबिक कायदा आणला, आणि १ फेब्रुवारी २०२३ पासून संपूर्ण अमिरातीत मुस्लिमेतरांसाठी नवा नागरी कायदा लागू झाला. त्यात लिहिलं आहे, की मृत्युपत्र नसेल तर अर्धी मिळकत नवऱ्याला किंवा बायकोला, उरलेली अर्धी मुलांना, मुलगा-मुलगी भेद न करता सारखी. मुलं नसतील तरच आईवडिलांचा विचार.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आनंद झाला होता. मुलीला मुलाइतकंच, बायकोला अर्ध. माझ्यासारखीनं याहून जास्त काय मागायचं? मग ओट्यावरचा बाप आणि आत बसलेली आई आठवली. या हिशेबात दोघंही नाहीत. आपल्या १९५६ च्या कायद्यानं निदान आई धरली होती, तिथल्या नव्या कायद्यानं तीही सोडली. आणि ज्या जुन्या शरियतच्या नियमाला आपले लोक घाबरतात, त्यात मूल मागे असतानाही आईला सहावा हिस्सा आहे आणि बापालाही किमान सहावा. बायकोला मात्र आठवाच. कायदा चांगला की वाईट, हा प्रश्न मला त्यानंतर तितका सरळ वाटेना. प्रत्येक कायद्यानं कोणाला तरी जवळ धरलं आहे आणि कोणाला तरी दारात ठेवलं आहे. कोणाला आधाराची गरज जास्त होती, हे त्यातल्या एकाही कायद्याला कळायची सोय नाही.

२०२३ पासून लागू झालेल्या त्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. परदेशी माणसाच्या कोणाही वारसाला, नोंदवलेलं मृत्युपत्र नसेल तर, मयताच्या मायदेशाचा कायदा लावा अशी मागणी करता येते. म्हणजे मुलानं काही लिहून ठेवलं नसेल तर कोणता कायदा लागायचा, हे वारसांपैकी कोण काय मागतो यावर ठरणार. कोणीच काही मागितलं नाही तर सुनेला आणि नातीला अर्धं-अर्धं. आईनं मागणी करावी तर हिशेब बदलायची शक्यता, पण तो बदल नातीच्या आणि सुनेच्या हिश्श्यातून व्हायचा.

वकील म्हणून आईला हे सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, नातीच्या तोंडचं काढून मला काय करायचंय. तिनं मागणी केली नाही. सून वाईट नव्हती. तिनं स्वतःच्या अर्ध्यातून सासूसासऱ्यांना द्यायचं कबूल केलं, आणि जमेल तसं देतेही आहे. पण अज्ञान मुलीचा हिस्सा न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. त्याला आईही हात लावू शकत नाही आणि आजीही नाही. नाशिकचा फ्लॅट इथल्या कायद्यानं तिघींच्या नावे लागला, त्यात मुलगी अज्ञान. तो विकून कर्ज फेडायचं तर जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागणार. हप्त्यांवर व्याज चढत राहिलं.

माझी सगळी वकिली मी एका समजावर केली होती. वारसाहक्काचं भांडण लोभातून होतं, आणि मृत्युपत्र हे लोभाचं हत्यार आहे, हा तो समज. या घरात लोभ नव्हता. कोणी कोणाला फसवत नव्हतं, भांडतही नव्हतं. तरीही एका म्हाताऱ्या बाईला स्वतःची गरज आणि नातीचं भविष्य यांतून एक निवडावं लागलं, आणि तिनं स्वतःची गरज गिळली. तिला या निवडीसमोर कोणी आणून उभं केलं? त्या मुलानं नक्कीच नाही. त्याचं आईवडिलांवर किती लक्ष होतं हे मी त्याच्या बँकेच्या उताऱ्यांवर पाहिलं आहे. दर महिन्याला पगार झाला की वडिलांच्या खात्यात पैसे: औषधांचे, फवारणीचे, दिवाळीला जास्त. आपल्यामागे आईबापांना काय मिळावं, हे तो महिन्यामहिन्याला सांगत होता. कायदा बँकेचे उतारे वाचत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक कागद असता, तर त्यानं तो वाचला असता.

तेव्हापासून मी मृत्युपत्रं करून देते. कोणी विचारलं तर आणि न विचारताही.

माझं जुनं मत मी पूर्ण टाकून दिलेलं नाही. मुलीला वगळायचं म्हणून कोणी आलं तर मी आजही नकार देते, आणि का देते तेही तोंडावर सांगते. तिकडच्या कायद्यातही मुस्लिमेतराला सगळी मिळकत हवी त्याला द्यायची मोकळीक आहे, म्हणजे आपल्याकडचा जुना अन्याय तिकडे इंग्रजीत लिहिता येतो. तसं मृत्युपत्र माझ्या हातून होणार नाही. पण एखाद्या कागदाचा गैरवापर होतो म्हणून तो कागदच नाकारायचा, हे मला आता पटत नाही. माझ्या आईवर अन्याय झाला तो तिच्या वडिलांच्या मनामुळे, कागदामुळे नाही. हे मान्य करायला मला फार वर्षं लागली, आणि ते मान्य करताना आईची आठवण येऊन गलबलून आलं.

ज्यांची मुलंबाळं तिकडे आहेत त्यांना मी जे सांगते, ते इथेही सांगते.

पहिलं म्हणजे लहान मुलं. पैशाच्या आधी त्यांचा विचार करा. नवराबायको दोघंही एका गाडीत असतात, आणि तिकडच्या रस्त्यांवर गाड्या वेगानं धावतात. दोघांचं काही बरंवाईट झालं, तर त्या रात्री मुलं कोणाकडे राहणार? आजीआजोबा सटाण्यात. त्यांना व्हिसा मिळून विमानानं पोचायला किती वेळ लागेल याचा विचार करा. म्हणून तिथल्या मृत्युपत्रात दोन पालक नेमायची सोय आहे. एक तात्पुरता, जो तिथेच राहतो, जवळचा मित्र किंवा शेजारी, आणि एक कायमचा, जो भारतात आहे. ही नावं लिहिलेली नसतील तर निर्णय परक्या यंत्रणेला घ्यावा लागतो. मी कितीतरी तरुण जोडप्यांना हा प्रश्न विचारला आहे. मिळकतीबद्दल बोलायला टाळाटाळ करणारी माणसंही या प्रश्नाला लगेच कागद पुढे ओढतात.

दुसरं, नॉमिनी. "सगळीकडे नॉमिनी लावलाय" हे वाक्य मी रोज ऐकते. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक नव्हे. विम्याच्या बाबतीत हे १९८० च्या दशकातच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं; २०१५ च्या दुरुस्तीनंतर मात्र आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्यापुरता नियम वेगळा आहे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत काही वर्षं गोंधळ होता, तो १४ डिसेंबर २०२३ च्या निकालानं संपला. त्या खटल्याचा विषय 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकर यांची मिळकत हा होता. मृत्युपत्राचं नाव काढलं की "असं अभद्र कशाला बोलता" म्हणणारी घरं माझ्या परिचयाची आहेत. त्यांना मी सांगते, की ज्यांचं पंचांग तुमच्या स्वयंपाकघरात टांगलेलं आहे आणि ज्यांनी सांगितलेल्या मुहूर्तावर तुमच्या घरची लग्नं लागली, त्या जयंतरावांनी जून २०११ मध्ये स्वतःचं मृत्युपत्र केलं होतं. ते गेले २०१३ मध्ये. शुभाशुभ त्यांच्याहून आपल्याला जास्त कळतं का?

तिसरं, दोन देशांची मिळकत असेल तर दोन मृत्युपत्रं करणं सोयीचं. भारतात नोंदवलेलं मृत्युपत्र तिकडे चालवायचं म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, त्यांच्या वकिलातीचा शिक्का, अरबी भाषांतर, आणि या सगळ्यात घराचे महिने जातात. तिकडच्या मिळकतीचं तिकडे नोंदवावं. डीआयएफसीच्या केंद्रात एका पूर्ण मृत्युपत्राची फी मी चौकशी केली तेव्हा १०,००० दिरहम होती, अबूधाबीच्या न्यायखात्यात तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. फिटरचं काम करणाऱ्या मुलाला पहिली रक्कम परवडणारी नाही, म्हणून दुसरी वाट माहीत असावी. व्हिडिओवरून नोंदणी करायचीही सोय झाली आहे. मात्र एका वाक्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. मृत्युपत्राच्या ठरावीक नमुन्यात "याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द" असं छापलेलं असतं. दुबईतलं मृत्युपत्र नंतर केलं आणि त्यात हे वाक्य तसंच राहिलं, तर सटाण्यात केलेलं आधीचं त्याच सहीनं रद्द होतं. प्रत्येक मृत्युपत्रात स्पष्ट लिहा, की हे फक्त अमक्या देशातल्या मिळकतीपुरतं आहे आणि दुसरं कायम आहे.

इथल्या मिळकतीचं मृत्युपत्र तर फारच सोपं आहे. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगली. नाशिक जिल्ह्यातल्या मिळकतीला प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घ्यायची, सक्ती नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला न्यायालयात उभं राहून सांगावं लागतं, म्हणून साक्षीदार वयानं आपल्याहून लहान, सापडेल असा, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं नाही असा घ्यावा. मुलगा दुबईत असेल तर तिथे बसून, दोन मित्रांसमोर सही करूनही नाशिकच्या फ्लॅटचं मृत्युपत्र करता येतं.

आता आईवडिलांसाठी. तुम्हीही लिहा. मुलगा तिकडे, मुलगी पुण्याला, जमीन तुमच्या नावे. परदेशस्थ मुलाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं मिळू शकते, तेव्हा त्याच्या नावे लिहायला घाबरू नका, आणि मुलीच्या नावे लिहायला तर मुळीच नको. पुष्कळांचा भरवसा कुलमुखत्यारपत्रावर असतो. मुलानं आईच्या नावे करून दिलं आहे, आता सगळं आईला करता येईल, असं त्यांना वाटतं. ते मुलगा जिवंत असेपर्यंतच. देणारा गेला त्या क्षणी कुलमुखत्यारपत्र संपतं, आणि त्यानंतर त्यावर केलेली सही तुम्हाला अडचणीत आणू शकते. वारस नोंदीकडेही दुर्लक्ष होतं. सातबाऱ्यावर गेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात म्हणून सरकारला १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम काढावी लागली. त्या वेळी तलाठ्याकडे लागलेल्या रांगांत मी आजोबा-पणजोबांच्या नावाचे उतारे घेऊन उभी असलेली माणसं पाहिली. त्यांच्या वारसांपैकी काही आखातात, काही सुरतला, काहींचा पत्ताच नाही.

एक गोष्ट माझ्या मनाला अजून टोचते. मृत्युपत्राचं बोलणं कोणी काढायचं? मुलानं काढलं तर आईवडिलांना वाटतं, याला आपल्या मरणाची घाई झाली आहे. आईवडिलांनी मुलाला "तू लिहून ठेव" म्हटलं तर ते अमंगळ. सुनेनं काढलं तर विचारूच नका. म्हणून सगळे गप्प राहतात, आणि प्रेमापोटी गप्प राहतात. माझा अनुभव असा, की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं आधी स्वतःचं लिहावं, मुलांना बोलावून वाचून दाखवावं आणि मग म्हणावं, आता तुमचं करा. त्या घरांत पुढचं अवघड जात नाही. त्या मुलाच्या वडिलांनीच, जे माझ्या कचेरीत आत यायला तयार नव्हते, पुढे स्वतःचं मृत्युपत्र केलं. अर्धी जमीन नातीला, अर्धी स्वतःच्या मुलीला, आणि बायको जिवंत आहे तोवर सगळ्या उत्पन्नावर तिचा हक्क. मुलीचं नाव त्यांनी आपणहून सांगितलं, मी काही बोलायच्या आत. मी ते अक्षर न अक्षर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग सही घेतली.

मार्गशीर्षात सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरेल तेव्हा आखातातली कितीतरी मुलं रजा काढून घरी येतील. रथ ओढून झाला, पाहुणे पांगले, की एक दुपार त्यांच्यासोबत बसा. तिकडे काय आहे, इकडे काय आहे, कोणावर कोण अवलंबून आहे, लेकरांना कोण सांभाळेल, हे एकदा बोला आणि मुलं परत जायच्या आत लिहून सही करा. इथल्या मिळकतीसाठी साधा कागद चालतो आणि दोन साक्षीदार पुरतात.